विमानाचा सातबारा

२८ जानेवारी २०२६ रोजी सकाळी मुंबईहून आलेले लिअरजेट ४५ जातीचे विमान बारामतीत उतरताना धावपट्टीजवळ कोसळले. उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह विमानातले पाचही जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर बारामती आणि इंदापूर तालुक्यांत, पारावर, कारखान्याच्या गेटवर आणि बाजार समितीच्या आवारात, एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला : विमान जुने होते का? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा : स्वतःचे होते की भाड्याचे?

अपघाताचे कारण ठरवणे हे तपास यंत्रणेचे काम आहे. त्यावर मत देण्याचा अधिकार मला नाही आणि या लेखाचा तो विषयही नाही. पण लोकांनी विचारलेले ते दोन शब्द, ‘जुने’ आणि ‘भाड्याचे’, नीट समजून घ्यावेत असे वाटले. विमानशास्त्राचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. नियमावल्या, नोंदी आणि अपघातांचे अहवाल वाचत बसण्याची सवय मात्र जुनी आहे. त्या वाचनातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

आधी ‘जुने’ या शब्दाकडे पाहू. आठ-नऊ प्रवासी नेणारी, दोन जेट इंजिनांची विमाने लहान आणि मध्यम आकाराच्या सीमेवर येतात. लिअरजेट ४५ त्यातलेच. त्याहून थोडी मोठी म्हणजे हॉकर ८०० किंवा सेसनाचे सायटेशन एक्सएलएस. लिअरजेट ४५ चे पहिले उड्डाण १९९५ साली झाले आणि २०१२ च्या सुमारास त्याचे उत्पादन थांबले. पुढे बॉम्बार्डिए कंपनीने लिअरजेट हे नावच बंद केले; त्या नावाचे शेवटचे विमान २०२२ च्या मार्चमध्ये ग्राहकाला दिले गेले. हॉकरचे उत्पादनही दशकापूर्वीच थांबले. म्हणजे आज जगात कोणीही लिअरजेट ४५ विकत घेतो किंवा भाड्याने घेतो, तेव्हा ते जुनेच असते. नवे मिळतच नाही. या व्यवसायात जुनेपणा हा अपवाद नसून नेहमीची गोष्ट आहे.

मग वय विचारून काय कळते? फार थोडे. बैलबाजारात दात पाहून वय ओळखतात, पण जाणता शेतकरी तेवढ्यावर थांबत नाही. तो बैल चालवून पाहतो, खांदा पाहतो, कोणाच्या दावणीला होता ते विचारतो. विमानाचे वयही तीन मापांनी मोजतात : वर्षे, उड्डाणाचे तास आणि उड्डाणांची संख्या. तिसरे माप महत्त्वाचे, कारण विमान उंच गेले की आतल्या हवेच्या दाबाने त्याचा सांगाडा किंचित फुगतो आणि खाली आले की पूर्ववत होतो. असे हजारो वेळा झाले की धातू थकतो. मुंबई-बारामती अशा अर्ध्या तासाच्या फेऱ्या करणारे विमान तासांच्या हिशेबात तरुण दिसते, पण सांगाड्याच्या हिशेबात प्रौढ असते. उलट वर्षानुवर्षे हँगरमध्ये उभे राहिलेले, तास कमी भरलेले विमान स्वस्त मिळते म्हणून घ्यावे, तर गंज, सुकलेली रबरी सीले आणि मुदत संपलेले भाग निघतात. बरेचसे भाग वापरावर नव्हे, तर दिनदर्शिकेवर बदलावे लागतात.

आपल्याकडे साखर कारखान्याला गळीत हंगाम संपला की दुरुस्तीचे महिने मिळतात. मिल उघडतात, रोलर काढतात, बॉयलर तपासतात. विमानाला असा ठरलेला हंगाम नाही. ठरलेल्या तासाला किंवा ठरलेल्या तारखेला ते जमिनीवर थांबलेच पाहिजे, मग त्या दिवशी मालकाची सभा असो की लग्न.

म्हणून जुने विमान घेणारा शहाणा माणूस विमानाआधी त्याची वही पाहतो. प्रत्येक विमानाला, प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र लॉगबुक असते. कोणत्या दिवशी किती उड्डाण झाले, कोणता भाग काढला, कोणता बसवला, कोणी सही केली, हे सगळे त्यात असते. जमिनीचा जसा सातबारा आणि फेरफार, तशी ही वही. मधली काही वर्षे गहाळ असतील तर चांगल्या स्थितीतल्या विमानाचीही किंमत कोसळते, कारण जे लिहिलेले नाही ते झालेलेच नाही असे धरले जाते. सातबाऱ्यावर बोजा पाहतो तसा इथेही पाहावा लागतो. विमानावरच्या कर्जाचे आणि हक्काचे दावे नोंदवण्यासाठी २००१ च्या केपटाउन करारानुसार एक आंतरराष्ट्रीय नोंदवही चालते, आणि भारताने त्या कराराला बळ देणारा कायदा २०२५ साली केला.

वहीनंतर तपासणी. विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या कार्यशाळेत विमान नेतात. इंजिनाच्या पोटात बारीक कॅमेरा घालून पात्यांची स्थिती पाहतात, जमिनीवर टेकणाऱ्या चाकांच्या सांगाड्याची मुदत पाहतात, पूर्वी कधी नुकसान होऊन दुरुस्ती झाली का ते शोधतात. उत्पादक देशाच्या विमान प्राधिकरणाने काढलेले सक्तीचे दुरुस्ती-आदेश एकेक करून पाळले गेले आहेत का, हे जुळवतात. इंजिन कंपनीची तासाला ठरावीक रक्कम घेणारी देखभाल योजना चालू असेल तर मोठ्या खर्चाचा धक्का बसत नाही; ती मध्येच बंद केलेली असेल तर विकत घेणाऱ्याने कान टवकारावेत. विक्रेत्याने कुठे बचत केली ते तिथे कळते.

खरेदीची किंमत म्हणजे खर्चाची सुरुवात असते, ही गोष्ट इंदापूर तालुक्याशी नाते असलेल्या एका माणसाच्या चरित्रातून नीट कळते. कळंब परिसरात साखर कारखाना आणि वालचंदनगर उभारणारे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही देशातली पहिली विमाननिर्मिती कंपनी काढली, हे अनेकांना माहीत असते. त्याच्या दोन दशके आधीचा त्यांचा व्यवहार मात्र जुन्या वाहनाचा होता. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे पहिले जहाज ‘एस. एस. लॉयल्टी’ ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. आज तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. पण ते जहाज नवे नव्हते. १८९१ साली बांधलेली ती ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. महायुद्धात ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती घेऊन रुग्णालय-जहाज म्हणून वापरली होती. अठ्ठावीस वर्षांची ती बोट सिंदियाकडे आली आणि १९२३ साली भंगारात निघाली. इंग्रज कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान देण्याचे काम तिने केले, कंपनी पुढे जगली आणि वाढलीही. पण ती बोट जगली नाही. जुने वाहन घेणे चूक नसते. त्याच्याकडून किती वर्षांची आणि कशाची अपेक्षा ठेवायची, हे आधी ठरवावे लागते.

आता ‘भाड्याचे’. भारतात विमानाची नोंद साधारण दोन प्रकारांनी होते. खासगी नोंदीचे विमान मालक स्वतःसाठी वापरू शकतो, पण पैसे घेऊन दुसऱ्याला नेऊ शकत नाही. भाडे घ्यायचे तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नॉन-शेड्यूल्ड परवाना लागतो. मग वैमानिकांचे कामाचे तास, प्रशिक्षण, देखभाल, सुरक्षाधिकारी, लेखापरीक्षण हे सगळे बंधनकारक होते. यात कराचेही गणित आहे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर ४० टक्के जीएसटी आहे, तर व्यावसायिक वापराच्या विमानावर ५ टक्के. हा फरक एवढा मोठा आहे की पुष्कळ मालकांची विमाने परवानाधारक कंपनीच्या ताफ्यात दाखल होतात आणि मोकळ्या वेळात भाड्याने फिरतात. म्हणजे भाड्याच्या विमानामागे अनेकदा तीन पक्ष असतात : मालक एक, चालवणारी कंपनी दुसरी आणि प्रवाशाला गाठून देणारा दलाल तिसरा. पैसे देणाऱ्याला बहुधा फक्त तिसराच भेटतो. त्याला विचारायचा पहिला प्रश्न आसनांचा किंवा जेवणाचा नसावा. परवाना कोणाच्या नावावर आहे आणि त्या परवान्यावर हेच विमान नोंदलेले आहे का, हा असावा.

भाड्याचा हिशेबही सरळ नसतो. विमान बारामतीत राहत नाही. ते मुंबईहून येते, माणसे उतरवते आणि रिकामे परत जाते किंवा वाट पाहत थांबते. रिकामी फेरी, थांबण्याचे भाडे, वैमानिकांचा मुक्काम, सगळे बिलात येते. मुंबईच्या गर्दीच्या विमानतळावर खासगी विमानांना उड्डाणाची वेळ मोजून मिळते. ती चुकली की सगळा दिवस सरकतो. इथेच घाई जन्माला येते.

आणि या घाईची गाठ पडते ती धावपट्टीशी. बारामतीचे विमानतळ औद्योगिक विकास महामंडळाने उभारले. तिथली रोजची वर्दळ प्रशिक्षण विमानांची. आपल्या शिवारात याची खूण अनेकांनी पाहिली आहे : २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत एक प्रशिक्षण विमान शेतात उतरले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात तीन दिवसांच्या अंतराने दोन विमाने कोसळली. या तिन्ही प्रसंगांत प्राणहानी झाली नाही. जानेवारीच्या अपघातानंतरच्या सरकारी निवेदनातून एक गोष्ट सर्वांना कळली. बारामती हे तेव्हा ‘अनियंत्रित’ विमानतळ होते. वाहतुकीची माहिती तिथल्या प्रशिक्षण संस्थांचे प्रशिक्षक किंवा वैमानिक रेडिओवरून देत असत. ढगात किंवा धुक्यात धावपट्टीच्या रेषेवर आणून सोडणारी आयएलएस यंत्रणा तिथे नव्हती. म्हणजे वैमानिकाला डोळ्यांनी धावपट्टी दिसली पाहिजे. त्या सकाळी दृश्यता सुमारे ३,००० मीटर असल्याचे आणि पहिल्या प्रयत्नात धावपट्टी न दिसल्याने विमान पुन्हा वर घेतल्याचे त्याच निवेदनात होते. केवळ नजरेच्या भरवशावर उडायचे तर नियमाने साधारणपणे ५ किलोमीटर दिसावे लागते. कॅनॉलच्या, उसाच्या आणि नदीकाठच्या या प्रदेशात थंडीच्या सकाळी किती दिसते, हे पहाटे दारे धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

धावपट्टीच्या लांबीचेही एक साधे गणित आहे आणि प्रवाशाने ते समजून घ्यायला हरकत नाही. भाड्याच्या जेट विमानाला नियमाने उपलब्ध धावपट्टीच्या ६० टक्के अंतरात थांबता आले पाहिजे. समजा एखाद्या विमानाला थांबायला ९०० मीटर लागतात, तर धावपट्टी किमान १,५०० मीटर हवी. ती ओली असेल तर आणखी १५ टक्के, म्हणजे १,७२५ मीटर. जास्तीचे हे अंतर वाया गेलेले नसते. माणसाच्या चुकीसाठी आणि निसर्गाच्या लहरीसाठी ते राखून ठेवलेले असते. १४ सप्टेंबर २०२३ रोजी विशाखापट्टणमहून आलेले एक लिअरजेट ४५ मुंबईत भर पावसात उतरताना धावपट्टीवरून बाजूला जाऊन मोडले. मुंबईची धावपट्टी लांब, यंत्रणा सुसज्ज आणि अग्निशमन दल हाकेच्या अंतरावर. विमानातले आठही जण वाचले.

या सगळ्यावरून मला एक गोष्ट ठळक दिसते. जुने विमान घेणारा किंवा भाड्याने घेणारा माणूस लोखंड, इंजिन आणि चामड्याची खुर्ची विकत घेतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो दोन गोष्टी घेत असतो : वहीतला विश्वास आणि वैमानिकाचा नकार. कायद्याने विमानात अंतिम शब्द कप्तानाचा असतो. मंत्र्याचा नाही, उद्योगपतीचा नाही, पैसे भरणाऱ्याचाही नाही. महत्त्वाच्या व्यक्तींच्या उड्डाणांसाठी महासंचालनालयाच्या वेगळ्या मार्गदर्शक सूचनाही आहेत. पण कागदावरचा अधिकार आणि खाली सभामंडप भरलेला असताना “आपण पुण्याला उतरू” असे म्हणण्याची मोकळीक, यात अंतर असते. ते अंतर कमी करणे ग्राहकाच्या हातात असते. पर्यायी विमानतळावर मोटार आधीच उभी असेल, कार्यक्रमात दोन तासांचा ऐसपैसपणा असेल, आणि “उतरता आले नाही तरी पैसे पूर्ण मिळतील” हे करारात लिहिलेले असेल, तर वैमानिकाला परतणे सोपे जाते. पुणे-बारामती रस्ता शंभरेक किलोमीटरचा, दोन-अडीच तासांचा. एवढ्याच वेळासाठी हा सगळा खटाटोप असतो.

राजकारणी, साखर कारखानदार, बांधकाम व्यावसायिक, डॉक्टर यांच्यासाठी भाड्याचे विमान आता आपल्या भागातही अपूर्वाईचे राहिलेले नाही. निवडणुका आल्या की आकाशात त्यांची संख्या वाढते. त्यात बसणाऱ्याने वही वाचावी अशी अपेक्षा नाही. पण वही वाचणारा स्वतंत्र माणूस नेमावा, परवाना पाहावा, धावपट्टी आणि हवामान विचारावे. आणि निघण्यापूर्वी वैमानिकाला सर्वांसमक्ष एवढे सांगावे : दिसले नाही तर परत फिरा, मी वाट पाहीन. त्यासाठी कोणता कर नाही, कोणता परवाना नाही. कार्यक्रमाला जमलेल्या गर्दीलाही ते समजते, कारण आमच्याकडची माणसे पाऊस आणि पाणी यांची वाट पाहायला पिढ्यान्‌पिढ्या शिकलेली आहेत.