बाजार बघून स्वयंपाक

नागपुरात घरचा साधा स्वयंपाक शिकण्याची सुरुवात बाजारातून होते. कॉटन मार्केटचा ठोक बाजार पहाटेच भरतो. कळमेश्वर, सावनेर, हिंगणा या भागांतला भाजीपाला तिथून चिल्लर विक्रेते उचलतात आणि सकाळपर्यंत तो गोकुळपेठ, सक्करदऱ्याचा बुधवार बाजार, सदरचा मंगळवारी बाजार आणि गल्लीबोळांतल्या हातगाड्यांवर पोहोचतो. नवशिक्या माणूस सहसा आधी पदार्थ ठरवतो आणि मग त्याचे सामान शोधत फिरतो. घरोघरी रुळलेली रीत उलटी आहे. गाडीवर त्या दिवशी जे ताजे आणि स्वस्त असेल ते घ्यायचे, आणि त्याचे काय करायचे ते घरी येऊन ठरवायचे. बाहेरगावाहून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी आलेल्याला एवढे माहीत असले की पुरे: इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, शेवग्याला मुनगा, फ्लॉवरला फुलकोबी आणि कर्टुल्याला काटवल.

हंगामाचे गणित सोपे आहे. पावसाळ्यात अंबाडी, तरोटा, काटवल. दिवाळीनंतर मेथी, पालक, वांगी, फुलकोबी, कांद्याची आणि लसणाची पात. डिसेंबर-जानेवारीत तुरीच्या आणि वालाच्या ओल्या शेंगा, हरभऱ्याचा कोवळा पाला. उन्हाळ्यात मात्र बाजार आटतो. ढेमसे, दोडके, काकडी आणि चिवळ यांच्यावर भागवावे लागते. म्हणून शिकायला हिवाळ्यासारखा काळ नाही. माल इतका कोवळा असतो की शिकाऊ हाताच्या बऱ्याच चुका तो पोटात घालतो.

नागपूर म्हटले की बाहेरच्यांना सावजी आठवते. हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून खानावळींत आलेले ते जहाल, तेलकट, गरम मसाल्याचे जेवण शहराची ओळख झाले हे खरे. पण रोजचे घरचे ताट तसे नसते. वरण, भात, पोळी, एक भाजी, जवसाची किंवा फल्लीदाण्यांची चटणी आणि कच्चा कांदा, एवढ्यात ते भरते. ताज्या भाजीला मसाला फार लागत नाही. नवशिक्यांची भाजी बिघडते ती बहुधा काहीतरी जास्त पडल्यामुळे.

पहिला पदार्थ वरण. दोघांना अर्धी वाटी तुरीची डाळ पुरते. ती दोन-तीन पाण्यांतून धुऊन अर्धा तास भिजवावी, तिप्पट पाणी, चिमूटभर हळद आणि हिंग घालून कुकरमध्ये लावावी. चिंच, आमसूल किंवा टमाटर डाळीबरोबर शिजायला घालू नये. आंबटाने दाणा घट्ट राहतो आणि डाळ बोटचेपी व्हायला जास्त वेळ लागतो. कुकर उघडल्यावर डाळ गरम असतानाच घोटावी, मग मीठ आणि लागेल तसे गरम पाणी घालून उकळी आणावी. गार पाणी घातले की वरणाचे पाणी आणि डाळ वेगळी दिसू लागतात. वर तूप आणि लिंबू. फोडणीचे वरण हवे असेल तर ठेचलेला लसूण, जिरे आणि सुकी लाल मिरची पुरे.

भाताला माप लागते, पण ते तांदळाच्या वयावर ठरते. कमलाबाई ओगले यांच्या 1970 साली निघालेल्या ‘रुचिरा’ या पाककृतींच्या पुस्तकाने वाटी-चमच्याची मापे मराठी घरांत रुजवली आणि शिकणाऱ्यांची मोठी सोय केली. मात्र वाटी तीच राहिली तरी तांदूळ तोच राहत नाही. जुन्या तांदळाला दुप्पट किंवा किंचित जास्त पाणी लागते; दिवाळीनंतर बाजारात आलेल्या नव्याला तेवढे घातले की भाताचा गोळा होतो. नागपूरकडे रोजच्या भाताला एचएमटी तांदूळ बराच चालतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना 1983 साली पटेल-3 या धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या निवडून, वेगळ्या पेरून त्यांनी हे वाण तयार केले. नाव पडले ते त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून. हा बारीक तांदूळ लवकर शिजतो. गॅस बंद केल्यावर झाकण दहा मिनिटे उघडू नये. वाफ मुरली नाही तर वरचा भात कोरडा आणि तळचा गचका राहतो.

यानंतर फोडणी. हा सगळ्यात छोटा आणि सगळ्यात नाजूक धडा. तेल तापले की नाही हे मोहरीचा एक दाणा टाकून पाहावे. तो तळाशी बसून राहिला तर तेल कच्चे आहे, टाकताच काळा पडला तर हाताबाहेर गेले आहे. बुडबुडे सोडत वर येऊन तडतडला की बरोबर. मोहरी पूर्ण तडतडू द्यावी, अर्धवट राहिली तर ती कडू लागते. मग जिरे, हिंग, लसूण. लसणाच्या कडा तांबूस होईपर्यंत थांबावे, कारण त्याच्या वासावर पुढची सगळी भाजी उभी असते. हळद आणि तिखट शेवटी, तेही आच मंद करून. दोन्ही काही क्षणांत करपतात. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिचा लाल रंग डोळ्यांत भरतो, पण तो तेलात उतरवायचा तर तिखट पडताच भाजी किंवा पाण्याचा शिपका तयार हवा. म्हणून फोडणीला हात घालण्यापूर्वी चिरणे, ठेचणे, निवडणे सगळे संपलेले असावे. तेल तापत असताना कांदा चिरायला बसणाऱ्याची फोडणी हमखास जळते.

पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी. मेथीची जुडी मोठ्या गंजात बुडवून हलवावी आणि वर उचलून घ्यावी. पाण्यासकट चाळणीत ओतली तर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवर येते. ताजी मेथी कढईत काठोकाठ दिसते आणि पाचेक मिनिटांत मूठभर होते. त्यामुळे मीठ ती बसल्यावरच घालावे, नाहीतर खारट होते. वेगळे पाणी लागत नाही. झाकण न ठेवता परतली तर रंग हिरवा राहतो. अंबाडीचे वेगळे: ती आधी उकडून पिळून घेतात, आंबटपणा हवा तेवढाच ठेवतात, आणि तुरीची डाळ किंवा कण्या घालून शिजवतात. वर लसणाची चरचरीत फोडणी आणि सोबत ज्वारीची भाकरी.

भरितासाठी वांगे हातात तोलून घ्यावे. आकाराच्या मानाने हलके असेल तर बिया कमी. देठ हिरवा आणि साल तकतकीत असावी. भाजण्यापूर्वी एक खोल चीर देऊन आत कीड नाही ना ते पाहावे आणि बाहेरून तेलाचे बोट फिरवावे. मग थेट जाळावर. घाईत वरची साल काळी झाली की वांगे झाले असे वाटते, पण खरी खूण देठापाशी असते. तिथला भाग सुरीने सहज दबला तरच मधला गर शिजलेला असतो. भाजलेले वांगे पाच मिनिटे झाकून ठेवले की साल आपोआप सुटते. ती नळाखाली धुऊन काढणे हा शुद्ध नासधूस करण्याचा प्रकार आहे, सगळा धुराचा वास पाण्याबरोबर वाहून जातो. गर मोडावा, कांद्याची पात, ओल्या लसणाची पात, हिरवी मिरची आणि सांबार चिरून घालावा. हिवाळ्यात मूठभर तुरीचे दाणेही तेलात परतून टाकतात.

हे दाणे म्हणजे सोले. सोल्यांची आमटी जमली की हात बसला असे खुशाल समजावे. शेंगा सोलणे हे किचकट काम, ते गप्पा मारत चारचौघांत उरकण्याचे. वाटीभर कोवळे दाणे थोड्या तेलात परतायचे. सुरुवातीला गवताळ, कच्चा वास येतो. हळूहळू दाण्यांवर तपकिरी ठिपके पडतात, एखाददुसरा उडतो आणि वास खमंग होतो. तिथे थांबायचे. त्यातले निम्मे दाणे हिरवी मिरची, लसूण, जिरे आणि सांबाराबरोबर भरड वाटायचे. पाटा-वरवंट्यावर ही भरड आपसूक जमते. मिक्सर मात्र थांबत थांबत फिरवावा लागतो, नाहीतर पीठ होते. फोडणीत कांदा, मग हे वाटण, आणि ते कडेने तेल सोडेपर्यंत परतणे. यात घाई केली तर कच्चट चव शेवटपर्यंत जात नाही. मग उरलेले दाणे, गरम पाणी, मीठ. उकळताना आमटी दाटते आणि फसफसून वर येते, म्हणून भांडे मोठे घ्यावे आणि पाणी सुरुवातीला थोडे जास्तच ठेवावे. नारळ, गरम मसाला, टमाटर यांतले काहीही लागत नाही.

बाजार रिकामा असेल त्या दिवशी बेसन, म्हणजे पिठले. कांदा, मिरची, लसणाची फोडणी करून त्यात पाणी उकळायचे आणि एका हाताने बेसन भुरभुरत दुसऱ्या हाताने सराटा फिरवत राहायचे, किंवा गुठळ्यांची भीती असेल तर बेसन आधी पाण्यात कालवून घ्यायचे. झाकण ठेवून दणदणीत वाफ आली नाही तर बेसन कच्चे लागते आणि पोटाला जड जाते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा पालेभाजी दुपारपर्यंत मान टाकते, सकाळचे वरण संध्याकाळी आंबते, मळलेली कणीक फसफसते. फ्रीज असला तरी त्या दिवसांत एका वेळचेच रांधावे आणि भाजी सकाळी लवकर आणावी.

पोळी शेवटी शिकावी. कणकेला पाणी किती, हे दळणावर आणि हवेवर अवलंबून असते आणि ते बोटांनाच कळते. लाटण्याखाली पोळी गोल फिरू लागायला काही आठवडे जातात. अनेक जण नेमकी तिथूनच सुरुवात करतात, चार दिवसांत कंटाळतात आणि पुन्हा डबा लावतात. वरण, भात आणि एक ताजी भाजी हाताला वळण लागलेल्या माणसाकडून पाऊण तासात होते. पोळीवर हात बसेपर्यंत पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून खुशाल विकत आणाव्यात.