सूर्याची मंद कडा

सूर्यबिंब सगळीकडे सारखे उजळ नसते. मध्यावर तेज सर्वाधिक असते आणि कडेकडे ते उतरत जाते. दृश्य प्रकाशात अगदी कडेजवळ ते मध्याच्या जेमतेम ४० टक्के उरते. अठराव्या शतकात पिएर बूगेर याने मेणबत्तीच्या उजेडाशी तुलना करून मध्य आणि तेथून पाऊण त्रिज्येवरचा बिंदू यांच्या तेजाचे प्रमाण ४८ : ३५ असे काढले. त्या साधनांच्या मानाने हे काम थक्क करणारे आहे.

दिसणारा सूर्यप्रकाश येतो तो दीप्तिगोलातून, म्हणजे सुमारे चारपाचशे किलोमीटर जाडीच्या वायूच्या थरातून. मध्यावर दृष्टी सरळ आत उतरते आणि सुमारे ६,४०० केल्विन तापलेल्या वायूपर्यंत पोचते. कडेला ती तिरपी शिरते, त्यामुळे वरच्या, सुमारे ५,००० केल्विनच्या वायूतच अडते. म्हणून मध्यापासून कडेपर्यंत तेज मोजले की खोलीनुसार तापमान कसे वाढते ते कळते. १९०६ साली कार्ल श्वार्ट्झशिल्डने अशाच मोजणीवरून दाखवले की या थरात उष्णता वर येते ती मुख्यतः प्रारणाने, वायूच्या घुसळणीने नव्हे.

मोजणीची सोपी रीत अशी : दुर्बीण स्थिर ठेवायची आणि तिने पाडलेली सूर्यप्रतिमा बारीक फटीवरून सरकू द्यायची. पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्ण बिंब दोन मिनिटांहून थोड्या अधिक वेळात फटीवरून जाते. अडचण येते ती शेवटच्या कडेशी, कारण हवेत विखुरलेला मध्यभागाचा प्रकाश तेथे मिसळतो. ग्रहणात चंद्र हा प्रकाश वातावरणाबाहेरच अडवतो. ग्रहण चालू असताना एकूण प्रकाश नोंदत राहिले, तर लागोपाठच्या दोन नोंदींतील फरक म्हणजे मधल्या वेळात झाकलेल्या पट्टीचे तेज. डच शास्त्रज्ञ विलेम युलियसने १९०५ च्या ग्रहणात स्पेनमधील बुर्गोस येथे ही युक्ती वापरली.

भारतातही असे ग्रहण झाले : कर्नाटकातील हुबळी-धारवाडवरून चंद्राची गडद सावली गेली ती १६ फेब्रुवारी १९८० च्या दुपारी. हुबळीत खग्रास अवस्था दोन मिनिटांहून अधिक टिकली. अशा वेळी शेवटी उरलेली कोर सगळी कडेचीच असते. तिचा उजेड क्षेत्रफळाच्या हिशेबाहूनही कमी भरतो आणि किंचित तांबूस असतो, कारण कडेला निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त घटतो.

भारताच्या आदित्य-एल१ या सूर्यनिरीक्षक यानावरील, पुण्याच्या आयुका संस्थेत घडलेली ‘सूट’ दुर्बीण २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात पूर्ण बिंब टिपते. या प्रतिमांतील सूर्यडाग आणि उजळ पट्टे यांचे खरे तेज काढण्यापूर्वी त्या त्या जागेचा कडेकडचा तेजाचा उतार हिशेबात घ्यावाच लागतो. दृश्य प्रकाशात उजळ पट्टे मध्यावर जवळजवळ लपतात, कडेपाशी मात्र ठळक दिसतात.