सैंधवाचा पाझर

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, कार्ल्सबॅड गावाजवळच्या वाळवंटात एक लिफ्ट जमिनीखाली ६५५ मीटर उतरते. खाली चहूकडे सैंधव. छत, भिंती, पायाखालची जमीन, सगळं सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं मीठ. ही खाण मिठासाठी खणलेली नाही. मीठ काढून झाल्यावर उरणारी दालनं हवी होती. अण्वस्त्रं बनवताना प्लुटोनियमने बाटलेले हातमोजे, चिंध्या, अवजारं पिंपांत भरून १९९९पासून इथे कायमची पुरली जात आहेत. ‘वेस्ट आयसोलेशन पायलट प्लांट’ हे तिचं लांबलचक नाव. सगळे ‘विप’ म्हणतात.

जागा मिठातच का शोधली? १९५७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने मीठ सुचवलं, त्यामागचा तर्क स्वयंपाकघरातला आहे. मीठ पाण्यात विरघळतं. एवढ्या काळात तिथून गोडं पाणी वाहिलं असतं, तर मीठ उरलंच नसतं. शिवाय दाबाखाली मीठ अतिसावकाश सरकतं आणि भेगा बुजवतं. विपची चार मीटर उंच दालनं वर्षाला काही सेंटिमीटरने मिटत जातात. यथावकाश मीठच पिंपांना कवेत घेईल, असा हिशेब.

१९८०च्या दशकात खोदकाम सुरू झालं आणि ताज्या भिंतींना घाम फुटल्यासारखे थेंब दिसू लागले. खाणीतली कोरडी हवा पाणी पिऊन टाकी, मागे लाह्यांसारखे पांढरे फुलोरे राहत. पावसाळ्यात आपल्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते हवेतलं. इथे उलटा प्रवास होता. समुद्र आटताना स्फटिकांच्या पोटात, दाण्यांच्या सांध्यांत आणि मातीच्या पातळ थरांत कोंडलेली मिठवणी बाहेर पडत होती. खडकात तिचा वाटा फार तर दोन-तीन टक्के. पण ही पिंपं १०,००० वर्षं सुरक्षित राहतील हे कायद्याने दाखवायचं असेल, तर थेंबही मोजावे लागतात.

मोजायची ती पारगम्यता, म्हणजे खडक आपल्यातून द्रव किंवा वायू किती सहज जाऊ देतो ते. हे गणित आन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याचं. दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करताना त्याने वाळूतून पाणी गाळून पाहिलं आणि १८५६मध्ये आपला नियम मांडला. त्याच्याच नावाचं एकक घेतलं, तर चांगल्या वालुकाश्माची पारगम्यता एक दार्सीच्या आसपास असते. विपच्या अस्पर्श मिठाची त्याच्या एक अब्जांश, काही जागी त्याहूनही कमी. मी कागदावर ढोबळ गुणाकार करून पाहिला: एक मीटर जाडीच्या अशा मिठामागे १२० वातावरणांचा दाब उभा केला, तर एका चौरस मीटरमधून वर्षाला येईल जेमतेम पेलाभर मिठवणी.

वर्षाला पेलाभर मोजायची कशी? सांडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या लोकांनी खाणीच्या भिंतींत आणि जमिनीत आडवी, उभी, तिरपी भोकं पाडली. गोडं पाणी वापरायची सोय नाही, ते भोकच विरघळवून मोठं करतं. भोकात रबरी पॅकर सरकवून फुगवायचे, दोन पॅकरमधला तुकडा मिठवणीने भरायचा, झडप बंद करायची आणि दाब कसा चढतो ते पाहायचं. आठवडे, कधी महिने. मग थोडी मिठवणी काढून घ्यायची आणि पुन्हा वाट पाहायची. दाब चढण्याच्या वेगावरून पारगम्यता निघते.

खरी गंमत इथे आहे. बंद भोकातला दाब खडकाखेरीज इतरही गोष्टींमुळे हलतो. तापमान किंचित वाढलं की कोंडलेली मिठवणी फुगते. पॅकरचं रबर हळूहळू सैलावतं. भोक स्वतःच मिटत जातं आणि आतल्या द्रवाला पिळतं. यातली प्रत्येक गोष्ट पाझराचं सोंग आणते. त्यामुळे अशा प्रयोगांचे अहवाल वाचताना निम्मी पानं उपकरणाच्या चुका वजा करण्यातच गेलेली दिसतात. मला तीच जास्त वाचनीय वाटतात.

आणि दालन खणणं हीच सगळ्यात मोठी ढवळाढवळ. भिंतीवरचा भार सुटतो, दाणे एकमेकांपासून सुटतात, केसाएवढ्या चिरा पडतात. भिंतीपासून पहिल्या एक-दोन मीटरांत पारगम्यता हजारो-लाखो पटींनी वाढलेली सापडते. तिथे नायट्रोजन सोडला तर सहज शिरतो. थोडं खोल गेलं की वाट बंद. मग थेंब येतात ते या दुखावलेल्या पट्ट्यातून की दूरच्या अस्पर्श खडकातून? हा वाद सोडवण्यासाठी १९८९मध्ये ‘रूम क्यू’ हे सुमारे १०० मीटर लांबीचं गोल दालन यंत्राने कोरलं. त्याआधीच शेजारी भोकं पाडून दाबमापक बसवले होते, म्हणजे खडकाची खणण्याआधीची अवस्थाही हाती राहावी.

वायूचं दुखणं वेगळं. लोखंडी पिंपं मिठवणीत गंजली की हायड्रोजन सुटतो. कागद-चिंध्या सूक्ष्मजीवांनी खाल्ल्या की कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन. हा वायू जायचा कुठे? छिद्रातली मिठवणी ढकलूनच त्याला आत शिरता येतं, आणि छिद्र जितकं बारीक तितका जोर जास्त. मिठात तो इतका लागतो की वायूला वाटच मिळत नाही. दाब वाढतच गेला आणि वरच्या खडकाच्या भाराइतका, म्हणजे १५० वातावरणांच्या घरात पोहोचला, की जवळचे ॲनहायड्राइट या खनिजाचे ठिसूळ थर फाटू शकतात. म्हणजे मीठ जितकं घट्ट, तितकी वायूची चिंता जास्त! विपच्या गणितात हे थर म्हणूनच मिठाइतकेच महत्त्वाचे आहेत. कार्बन डायऑक्साइड शोषायला कचऱ्यासोबत मॅग्नेशियम ऑक्साइडच्या गोण्याही ठेवतात.

विपमध्ये येणारा कचरा फारसा तापत नाही. तापणारा अणुकचरा मिठात ठेवला तर काय, हे पाहण्यासाठी तिथेच आता आडव्या भोकांत हीटर लावून प्रयोग चालतात. पॅकरमागून कोरडा नायट्रोजन फिरवायचा आणि त्याने उचलून आणलेली वाफ मोजायची. खडकाला चिकटवलेले संवेदक तडकण्याचे बारीक आवाज ऐकत असतात. हीटर चालू केला की मिठवणी वाढते, हे अपेक्षितच होतं. पण हीटर बंद केल्यावर ती पुन्हा एकदम उसळते. थंड होताना मीठ आक्रसतं, दाण्यांचे सांधे उघडतात, आणि तेवढा वेळ संवेदकांवर तडतड वाढलेली असते.