अपेंडिक्सचं टोक

2025च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये मुलांच्या अपेंडिक्सवरचा मोठा अभ्यास आला. नुसत्या अँटिबायोटिक्सवर ठेवलेल्या सुमारे एक तृतीयांश मुलांचं अपेंडिक्स वर्षभरात काढावंच लागलं. इथे जर्मनीत आमच्या विभागात त्यावर बरीच चर्चा झाली, खर्चाची, टाक्यांची, बुडणाऱ्या शाळेची. पण जे अपेंडिक्स पोटातच राहिलं ते तपासणार कोण, हे एकानंही विचारलं नाही. मला ते फार लागलं. शेजारच्या नेदरलँड्समध्ये तर, काढलेलं अपेंडिक्स संशयास्पद दिसलं तरच पॅथॉलॉजीकडे पाठवावं का, यावरही अभ्यास होऊन गेलाय.

1907 साली म्युनिकच्या झीगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी आतड्यात, अपेंडिक्समध्येही, दडणाऱ्या छोट्या गाठींना ‘कार्सिनॉइड’ म्हटलं. त्या निरुपद्रवी असतात, असं त्यांचं मत होतं. 1929 मध्ये त्यांनी स्वतःच ते बदललं. ज्यू म्हणून 1933 मध्ये त्यांची नोकरी गेली आणि 1944 मध्ये इस्तंबूलला त्यांचं निधन झालं. पुढची कित्येक वर्षं मुलांमधल्या या गाठी ज्या त्या रुग्णालयाच्या कपाटात पडून राहिल्या.

मग 1997 उजाडलं. जर्मन बालकर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं मुलांच्या अंतःस्रावी गाठींची, म्हणजे कार्सिनॉइडचीही, देशभराची नोंद सुरू केली. त्यानंतरची दहा वर्षं मी पॅथॉलॉजीत कटिंगच्या टेबलाशी काढली. अपेंडिक्स फॉर्मॅलिनमधून काढायचं, बुंध्याची कड वेगळी ठेवायची, मधल्या भागाच्या आडव्या चकत्या करायच्या आणि टोक उभं चिरायचं. गाठ बहुधा तिथेच असते, पिवळसर, टणक, हरभऱ्याच्या डाळीएवढी. सर्जनला ती दिसत नाही, सोनोग्राफीतही बहुतेकदा सापडत नाही. पोरगं पोटदुखीनं येतं, सूज म्हणून ऑपरेशन होतं आणि चार दिवसांनी काचपट्टीवर हे दिसतं.

तेव्हाचे माझे एक वरिष्ठ म्हणायचे, “अपेंडिक्सच आहे, एक चकती घ्या, सूज लिहा, पुढे चला.” टोक न कापता पुढे कसं जायचं, हे मला आजही कळलेलं नाही. गाठी हजारात मोजक्याच निघतात, हे खरंच. पण कोणत्या मुलाच्या पोटात निघणार, हे आधी कुणाला ठाऊक असतं?

नोंदीसाठी देशभरातून काचपट्ट्या आणि पॅराफिनचे ठोकळे कीलला जायचे. डीटर हार्म्स यांनी तिथे उभ्या केलेल्या बालगाठींच्या केंद्रात त्या पुन्हा पाहिल्या जायच्या. मतभेद झाला तर फोन यायचा, दोन माणसं एकाच काचपट्टीवर अर्धा तास बोलायची. आता तो संग्रह बॉनला आहे, काम तितकंच चोख चालतं. आमच्याकडे मात्र ते फोन थांबले, रिपोर्ट संगणकावर येऊन पडतो.

त्या नोंदीतून 2013 साली दोनशेहून अधिक मुलांचा अभ्यास छापून आला. लहान गाठ असलेल्या बहुतेक मुलांना अपेंडिक्स काढणं एवढंच पुरेसं होतं, हे त्यातून ठसलं. एरवी धास्तीपोटी मोठ्या आतड्याचा उजवा भागही काढला जायचा. कुणाच्या पोटाला पुन्हा हात लावायचा नाही, हे सांगता आलं ते टोकं कापली गेली म्हणून.

अँटिबायोटिक्सला माझा विरोध नाही. पण मुलाला घरी सोडताना आईवडिलांना स्पष्ट सांगा की अपेंडिक्स आत आहे आणि ते तपासलेलं नाही. दुखणं उलटून ते काढावं लागलं, तर आमच्याकडे सबंध पाठवा.