गरोदरपणात रक्तस्राव : कारणे कोणती, उपचार काय?

गरोदरपणात रक्ताचा डाग दिसला की बहुतेक घरांत दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक तर ‘गर्भ गेला’ म्हणून रडारड होते, नाही तर ‘उष्णता झाली असेल, पडून राहा’ असा सल्ला मिळतो. दोन्ही चुकीच्या आहेत. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारपैकी एका गर्भवतीला थोडाफार रक्तस्राव होतो आणि त्यांतील निम्म्या किंवा त्याहून अधिक जणींची गर्भधारणा पुढे सुरळीत राहते. मात्र कारण तपासणीशिवाय कळत नाही.

सुरुवातीच्या महिन्यांत रक्तस्राव का होतो?

गर्भ गर्भाशयात रुजताना हलके डाग पडू शकतात. गर्भाशयमुखाला सूज, संसर्ग असल्यास किंवा शरीरसंबंधानंतरही थोडे रक्त जाते. रक्तस्राव होत असला, तरी गर्भाशयाचे तोंड बंद आणि गर्भाचे ठोके व्यवस्थित असतील, तर गर्भ टिकण्याची शक्यता चांगली असते. गर्भपात झालाच, तर त्यामागे बहुतेक वेळा गर्भातील गुणसूत्रांचा दोष असतो. जिना चढल्याने किंवा घरकाम केल्याने गर्भ पडत नाही. त्यामुळे त्या बाईला दोष देण्यात अर्थ नाही.

खरा धोका गर्भनलिकेतील गर्भधारणेचा. गर्भ नलिकेतच वाढू लागला की ती फुटून पोटात रक्तस्राव होतो. बाहेर जेमतेम डाग दिसतो. पण पोटात एका बाजूला कळ येते, खांदा दुखतो, चक्कर येते. अशा वेळी तासाभराचा उशीरही जिवावर बेतू शकतो. द्राक्षगर्भ हे आणखी एक, तुलनेने दुर्मीळ कारण.

नंतरच्या महिन्यांत काय वेगळे असते?

पाच महिन्यांनंतरचा रक्तस्राव गंभीरच मानावा. वार गर्भाशयाच्या तोंडावर आली असेल, तर दुखल्याशिवाय लालभडक रक्त जाते. वार वेळेआधी सुटली, तर पोट दुखते, दगडासारखे घट्ट होते. यात रक्त आतच साचू शकते, म्हणून बाहेर दिसणाऱ्या रक्तावरून अंदाज बांधू नये. उच्च रक्तदाब आणि पोटाला लागलेला मार ही वार सुटण्याची प्रमुख कारणे. नऊ महिने भरत आल्यावर चिकट स्रावासोबत थोडे रक्त दिसणे, हे कळा सुरू होण्याचे लक्षण असू शकते.

उपचार काय?

सोनोग्राफी, हिमोग्लोबिन व रक्तगट या पहिल्या तपासण्या. वार कुठे आहे हे सोनोग्राफीत कळेपर्यंत आतून तपासणी करत नाहीत. त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पूर्ण बेडरेस्टने गर्भपात टळतो, असा पुरावा नाही. आधी गर्भपात झालेल्या काही जणींना प्रोजेस्टेरॉन दिले जाते. नलिकेतील गर्भासाठी औषध किंवा दुर्बिणीची शस्त्रक्रिया असते. पाचव्या महिन्यात खाली दिसलेली वार बहुतेकींत पुढे वर सरकते. म्हणून 32 आठवड्यांच्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी करतात. ती तोंडावरच राहिली, तर सिझेरियन करावे लागते. वार सुटून मोठा रक्तस्राव झाल्यास रक्त चढवून तातडीने प्रसूती करतात.

रक्तगट निगेटिव्ह असलेल्या गर्भवतीला गरजेनुसार अँटी-डी इंजेक्शन दिले जाते. ते शक्यतो 72 तासांच्या आत घ्यावे. पुढच्या बाळाच्या दृष्टीने ते महत्त्वाचे ठरते.

घरच्यांनी काय करावे?

पॅड लावून रक्ताचे प्रमाण आणि रंग पाहावा, गाठी पडल्यास डॉक्टरांना सांगावे. मनाने गोळ्या घेऊ नयेत, शरीरसंबंध टाळावा. जोराचा रक्तस्राव, तीव्र पोटदुखी, भोवळ किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही असेल तर 108 वर फोन करावा आणि रक्ताची सोय असलेले रुग्णालय गाठावे. 2011 पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात गर्भवतीला औषधे, तपासण्या, रक्त, सिझेरियन आणि वाहन मोफत मिळते. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.