बी कुणाच्या घरचं?

परसबागेचा विषय निघाला की माणसं आधी पाण्याचं बोलतात, मग खताचं, मग किडीचं. बियाण्याचं शेवटी, आणि तेही पाकिटाच्या किमतीपुरतं. मला हा क्रम उलटा वाटतो. घरच्या बागेत काय साधलं आणि काय फसलं याचा हिशेब मांडायला बसा. पुष्कळदा बोट बियाण्यापाशीच येऊन थांबतं.

पाण्याला आणि मातीला मी कमी लेखत नाही. आपल्या जिल्ह्यात तर तसं करताच येणार नाही. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे पाऊस कोसळतो आणि तेच ढग नगर-पाथर्डीकडे येईपर्यंत रिते झालेले असतात. इकडची परसबाग मोरीच्या पाण्यावर जगते. ते पाणी केळीला, कर्दळीला, शेवग्याला सोडावं. कोथिंबिरीसारख्या कच्च्या खायच्या पालेभाजीला सोडू नये. मातीचंही तसंच. शहरातल्या अंगणात वरची वीतभर माती आणि खाली विटा, चुना, राडारोडा. नगरच्या भुईकोट किल्ल्यात 1942 ते 1945 या काळात पंडित नेहरू कैदेत होते. तिथं त्यांनी फुलांचे वाफे करायला घेतले तेव्हा जमीन दगडांनी आणि जुन्या बांधकामाच्या ढिगाऱ्यानं भरलेली निघाली. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथंच लिहिलं गेलं आणि या खोदकामाचा उल्लेख त्यात अगदी सुरुवातीलाच आहे. शहरी अंगणाची ही जुनी तक्रार. तिच्यावर उपाय आहे: हातभर खोल खड्डा, पोयट्याची माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत. पैसे जातात, पण काम होतं.

बियाण्याला असा झटपट उपाय नाही. म्हणून कोंभाळण्याकडे वळतो.

कोंभाळणे हे अकोले तालुक्यातलं आदिवासी गाव. तिथल्या राहीबाई पोपेरे यांना आता महाराष्ट्र ‘बीजमाता’ म्हणून ओळखतो. 2018 साली बीबीसीच्या जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव आलं, 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी त्या चढलेल्या नाहीत. पण आपल्या डोंगरातले वाल, घेवडे, भात, नाचणी, वेलवर्गीय भाज्या यांची गावठी बियाणी त्यांनी घरोघरी फिरून गोळा केली, परसात लावली, वाढवली आणि घरातच बियाण्यांची बँक उभी केली. ‘बायफ’ संस्थेची त्यांना साथ मिळाली. बी न्यायचं असेल तर पुढच्या हंगामात दुप्पट परत आणून द्यायचं, अशी त्यांची रीत. सावकारी म्हणा हवं तर. पण या सावकारीत कुणी बुडत नाही आणि बियाणं गावभर पसरतं.

आता यातलं शास्त्र. पाकिटातलं संकरित बी दोन वेगळ्या वाणांच्या लग्नातून आलेलं असतं. पहिल्या पिढीत रोपं एकसारखी आणि जोमदार. त्याच झाडाचं बी धरून पुन्हा पेरलं की आजी-आजोबांचे गुण सुटे सुटे वर येतात. एक झाड बुटकं, एक उंच, एकाचं फळ मोठं, एकाचं बारकं. हा नियम ग्रेगर मेंडेल या धर्मगुरूनं मठाच्या बागेतल्या वाटाण्यांवर शोधला आणि 1866 साली छापून प्रसिद्ध केला. तेव्हा त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. मेंडेलचा मठ हीसुद्धा एका अर्थी परसबागच! संकरित बी वाईट असं मी म्हणणार नाही; भरघोस टोमॅटो हवे असतील तर खुशाल लावावं. फक्त ते दर वर्षी विकत घ्यावं लागतं, हे ध्यानात असू द्यावं.

घरी बी धरायचं तर कुणाचं धरणं सोपं आणि कुणाचं अवघड, हेही कळायला हवं. घेवडा, वाटाणा, टोमॅटो यांच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात आणि फळधारणा बहुधा आतल्या आतच होते. तिथं भेसळ कमी. दुधी, दोडका, कारलं, काकडी यांची गोष्ट वेगळी. नर फूल निराळं, मादी फूल निराळं, आणि मधे मधमाशी. तिला शेजाऱ्याचं कुंपण दिसत नाही. जवळपास दोन जातींचे दुधी असले की पुढच्या वर्षी लांबट आणि गोल यांच्या मधलंच काहीतरी वेलाला लटकतं. दोडक्याची भेसळ दुधीशी होत नाही. दुधीची दुधीशीच होते.

आमच्या अम्मीचा शिरस्ता होता. वेलावरचा पहिल्या बहरातला सगळ्यात देखणा दोडका ती तोडू द्यायची नाही. तो तिथंच वाळून खुळखुळा व्हायचा, मग चुलीच्या वर आढ्याला टांगला जायचा. धुरानं किडे लांब राहत. पाहुणे तो दोडका पाहून हसत. कोंभाळण्याच्या मडक्यात राख आणि आमच्या आढ्याला धूर, हेतू एकच: बी कोरडं राहावं आणि भुंगा लागू नये. ओलं बी डब्यात बंद केलं की बुरशी ठरलेली, डबा कितीही महागाचा असो.

घरचं बी आहे म्हणून सगळं निभावतं असं मात्र नाही. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या की तो विषाणू. पांढरी माशी तो पसरवते आणि औषध नाही. रोप उपटून टाकणं एवढंच हाती उरतं. कारल्या-दोडक्याला फळमाशी डंख मारते, फळ आतून सडतं. त्यावर गंधसापळा टांगणं आणि सडकी फळं रोज वेचून खोल पुरणं कामाला येतं. देशी पपईच्या रोपाला फूल आल्याशिवाय नर की मादी कळत नाही, म्हणून एका खड्ड्यात तीन रोपं लावावीत आणि फुलं दिसल्यावर जादा नर काढावेत. एक झाड जपून वाढवणाऱ्याच्या वाट्याला कधी कधी नुसता नर येतो. आणि दुधी कडू निघाला, तर तो घरच्या मेहनतीचा आहे म्हणून पोटात घालू नये. कडू दुधीच्या रसानं माणसं दगावलेली आहेत, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं त्याबद्दल सावध केलेलं आहे. चिरताना एक तुकडा जिभेला लावावा. कडू लागला तर थुंकून टाकावा आणि अख्खा दुधी फेकून द्यावा.

राहिला वाल. कोंभाळण्याचं नाव ऐकून पुष्कळांना तिथलंच बी हवंसं वाटतं. पण डोंगरातल्या पावसात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला वेल नगरच्या कोरड्या वाऱ्यात तसाच धरेल याची हमी नाही. आपल्या गल्लीतल्या, आपल्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या गाडग्यात काय उरलंय, ते आधी विचारावं. तिथलं बी आपल्या मातीला आणि आपल्या उन्हाला सरावलेलं असतं. त्या बायका आता थोड्या उरल्यात, त्यामुळे विचारायचं ते लवकर विचारावं. पुढच्या पिढीत गाडगं सापडेल, पण त्यातलं बी उगवणार नाही.

जुन्या जातीच्या वालाची एक खोड सांगून ठेवतो. मृगावर लावला की तो श्रावण-भाद्रपदात मांडवभर माजतो, आणि फूल एक नाही. ‘नुसता पाला’ म्हणून लोक वेल उपटतात. खरं तर तो दिवस लहान होण्याची वाट पाहत असतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला तुरे दिसू लागतात, थंडीत शेंगा लगडतात, आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी शेजारच्या घरून आमच्याकडे भोगीच्या भाजीची वाटी येते, तेव्हा तिच्यातले दाणे आमच्याच मांडवावरचे असतात.