खाडीपलीकडची कच्ची वाट

रविवारी पहाटे अंधेरी-मुलुंडहून गाड्यांच्या टपावर सायकली बांधून मंडळी कामशेत, मुळशी, मुरबाडच्या दिशेने निघतात. त्यांना हवा असतो कच्चा रस्ता: मुरूम, खडी, मधेच भुसभुशीत माती आणि मागून हॉर्न वाजवणारा ट्रक नाही. ग्रॅव्हल बायकिंग या नावाने हा प्रकार गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभर पसरला. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावाभोवतीच्या खडीच्या रस्त्यांवर २००६ साली दोनशे मैलांची शर्यत सुरू झाली. २०२२मध्ये या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इटलीत झाली. आपल्याकडेही आता लाखभर रुपये मोजून अशा सायकली घेतल्या जातात.

मात्र बोरिवली-मालाडकरांना त्यासाठी घाट चढायची गरज नाही. मार्वेच्या किंवा बोरिवलीकडच्या गोराई जेट्टीवरून सायकल बोटीत चढवायची, काही मिनिटांत खाडी ओलांडायची, की मनोरी, कुळवेम, गोराई, उत्तन ही गावं सुरू होतात. मनोरीची खाडी, वसईची खाडी आणि समुद्र यांनी वेढलेल्या या भूभागाला धारावी बेट म्हणतात. माहीमजवळची धारावी वेगळी. मनोरी आणि गोराई मुंबई महापालिकेत, तर उत्तन मिरा-भाईंदरमध्ये मोडतं. कोळी, आगरी, भंडारी आणि ईस्ट इंडियन समाजाची ही जुनी वस्ती आहे. गावांत शिरताना चौकाचौकांत क्रूस दिसतात, कौलारू घरांपुढे जाळी पसरलेली असतात.

मनोरीच्या जेट्टीपासून गोराई, उत्तन, मग राई-मुर्धे करत भाईंदर स्टेशन, असा साधारण वीस किलोमीटरचा पल्ला होतो. मुख्य रस्ता डांबरी आहे. खरी मजा आहे ती त्याला फुटणाऱ्या फाट्यांची: वाडीत जाणाऱ्या मुरमाच्या वाटा, भातखाचरांच्या कडेची बैलगाडीएवढी रुंद पायवाट, सुरूच्या झाडांखालची वाळू. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता सुंदर आहे, पण तो डांबरी. तिथल्या जंगलातल्या कच्च्या वाटांवर परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि बिबट्याच्या घरात तो नियम योग्यच आहे.

आता सायकलीविषयी. शर्यतीच्या सायकलचं टायर २५ ते २८ मिलिमीटर रुंद असतं. ग्रॅव्हल सायकलचं ३५ ते ५०. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते, त्यामुळे ते खडीवर उसळत नाही, दगडावर दबून पुढे सरकतं. दोन चाकांमधलं अंतर थोडं जास्त आणि पुढचा चिमटा थोडा कललेला, म्हणून घसरड्या जागी हँडल हातातून निसटत नाही. ही सगळी वर्णनं वाचताना मला सारखा गल्लीतला पाववाला आठवतो. त्याच्या काळ्या सायकलचं टायर २८ बाय दीड इंचाचं, म्हणजे जवळपास ४० मिलिमीटर. तिची बैठकही तशीच लांब आणि कललेली. ॲटलस १९५१पासून, हिरो १९५६पासून अशा सायकली बनवू लागली, तेव्हा खेड्यापाड्यात डांबर फार थोड्या ठिकाणी पोचलं होतं. दुधाच्या कॅन आणि मासळीच्या पाट्या याच चाकांवरून बाजारात गेल्या. नव्या सायकलला गिअर, डिस्क ब्रेक आणि हलकी चौकट मिळाली, हा फरक मोठाच आहे. पण चाकाचं माप कच्च्या रस्त्याने फार पूर्वी ठरवून ठेवलं होतं. तेव्हा घरात जुनी दणकट सायकल असेल तर तीच घेऊन जा. शिंपल्याच्या कडा आणि काट्यांनी पंक्चर होतंच, म्हणून पंप आणि जादा ट्यूब जवळ ठेवा.

निघायची वेळ पंचांग पाहून ठरवावी. किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला हाच हिशेब भरती अकरा-बाराच्या दरम्यान दाखवतो, म्हणून ओहोटी पहाटे पाच-सहाला येते. उधाणाच्या त्या दिवसांत पाणी सर्वांत दूर सरतं. उजाडता उजाडता गोराईच्या किनाऱ्यावर पोचलात तर पाण्यालगतची ओली वाळू इतकी घट्ट असते की चाकाची रेघही पुसट उमटते. तेच अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, किंवा भरतीला गेलात तर कोरड्या वाळूत सायकल ढकलत न्यावी लागते. परतल्यावर मात्र साखळी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तेल द्यायलाच हवं, नाहीतर दोन दिवसांत गंज धरतो.

वाऱ्याचंही तसंच. हिवाळ्यात सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे हलके वाहतात. दुपारी वायव्येचा खारा वारा जोर धरतो आणि उत्तनकडे जाणाऱ्याच्या तोंडावर येतो. दुपारीच निघायचं असेल तर भाईंदरहून निघून दक्षिणेला यावं, वारा पाठीशी राहतो. वाटेत चौकच्या टेकडीवर जंजिरे धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत मार्च १७३९मध्ये मराठ्यांनी हे ठाणं पोर्तुगीजांकडून घेतलं आणि दोन महिन्यांनी वसई पडली. वर उभं राहून पलीकडचा वसईचा किनारा पाहिला की खाडीच्या तोंडावरची ही टेकडी दोघांनाही का हवी होती ते नकाशाशिवाय कळतं.

पावसाळ्यानंतर उत्तनला गेलात तर सायकलवरून उतरून चाला. बांबूच्या उंच मांडवांवर बोंबील वाळत असतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी आडव्या दांडीवर टाकलेली असते, एकेका दांडीवर अशा जोड्यांची रांग. खाली जमिनीवर जवळा पसरलेला असतो. सुक्या मासळीवर उडालेली धूळ म्हणजे बाईच्या कष्टाच्या पैशाची माती. मोकळं दिसणारं मैदान इथे कुणाचं तरी खळं असतं, आणि बांध कुणाचा तरी असतो. भात उभं असताना बांधावर चाक घालू नये. वाट विचारून पुढे जावं. "काकी, इथून जाऊ का?" एवढं विचारलं की बहुतेक वेळा पुढच्या दोन वळणांची माहितीही मिळते.

या वाटा अजून उरल्या, कारण मधे खाडी आहे. मार्वे-मनोरी पुलाची चर्चा जुनी आहे, आणि वर्सोव्याहून उत्तरेकडे दहिसर-भाईंदरपर्यंत सागरी किनारा रस्त्याची आखणी झाली आहे. रात्री बाळंतीण अडली तर बोटीवर किंवा भाईंदरच्या लांबच्या फेऱ्यावर अवलंबून राहणाऱ्या गावाने पूल मागितला, तर शहरातून महिन्यातून एकदा येणाऱ्या सायकलस्वाराने नाक मुरडायचं कारण नाही. दवाखान्याचा रस्ता पक्काच हवा. माझं म्हणणं त्या पक्क्या रस्त्याला फुटणाऱ्या वाटांपुरतं आहे. टस्कनीत 'लेरोइका' हा जुन्या सायकलींचा मेळा १९९७ साली सुरू झाला, तोच मुळी तिथल्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर डांबर पडू नये म्हणून. आज ते रस्ते जपले जातात आणि त्यांच्यावर गावांना कमाईही होते. धारावी बेटाच्या विकास आराखड्यात हॉटेलांच्या आणि रुंद रस्त्यांच्या रेघा ओढताना वाडीच्या मुरमाच्या वाटा, खाचरांचे बांध आणि मासळी वाळवायच्या जागा नकाशावर नावानिशी दाखवाव्यात, आणि त्या कशा राखायच्या ते आधी गोराई-मनोरी-उत्तनच्या माणसांना विचारावं.